शिह त्झूचे नियमित ग्रूमिंग: गरज की हौस?

पागोळी (ठाणे)

नमस्कार. आमच्या घरी लाडू नावाचा तेरा महिन्यांचा, शिह त्झू या लांब केसांच्या जातीचा कुत्रा आहे. तो आला तेव्हा त्याचे केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे होते, त्यामुळे रविवारची आंघोळ आणि त्यानंतर टॉवेलने खसाखसा पुसणे यापलीकडे त्याची वेगळी निगा राखावी लागेल असे आमच्या मनातही आले नाही. दहावा महिना उलटल्यावर मात्र केसांचा पोत बदलला. वरून तो छान झुपकेदार दिसे, पण कानांमागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत हात घातला की नमद्यासारखे घट्ट गोळे लागत. आंघोळीने गुंता सैल होईल अशा समजुतीने आम्ही आठवड्यातून दोनदा आंघोळ घालू लागलो, आणि त्यातच पावसाळा सुरू झाला.

गेल्या शनिवारी त्याला प्रथमच एका ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांच्या केसांची-नखांची निगा राखणाऱ्याकडे नेले. त्याने बारीक दातांचा कंगवा केसांच्या मुळाशी लावून पाहिला, तो जागच्या जागी अडकला, आणि त्याने सांगितले की हे आता सुटणार नाही, सगळे केस भादरावे लागतील. भादरल्यावर डाव्या बगलेत रुपयाच्या नाण्याएवढी ओली, लाल जखम दिसली. उजव्या कानाला आंबूस वास येत होता. आणि पुढच्या पायाला आतल्या बाजूला अंगठ्यासारखे जे नख असते ते गोल वळून कातडीला टेकले होते. हे सगळे आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच मांडीवर बसणाऱ्या कुत्र्याला झाले आणि आम्हाला कळले नाही, याची फार खंत वाटते. जखमेवर डॉक्टरांनी दिलेले मलम चालू आहे.

आता घरात दोन तट पडले आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे की गावाकडे त्यांच्या दारात जन्मभर कुत्री होती, त्यांना कधी कोणी फणी लावली नाही आणि ती म्हातारी होऊन मेली. यजमानांना दर महिन्याचा दीड हजारांचा खर्च जास्त वाटतो. त्यांच्या मते वर्षातून तीनदा भादरून आणले की प्रश्न मिटेल. मला नेमके एवढेच जाणून घ्यायचे आहे की नियमित ग्रूमिंगमुळे कुत्र्याच्या आरोग्याला खरोखर काय लाभ होतो, त्यातले किती घरी करता येते, आणि सतत भादरलेले ठेवणे हा मार्ग योग्य आहे का.

हिरडा (पुणे)

ताई, खंत करत बसू नका. झुपकेदार कुत्र्याच्या पहिल्या वर्षात हे बहुतेक घरांत घडते. आमच्याकडे गेली वीसेक वर्षे कुत्री आहेत, आधी दोन लॅब्राडोर आणि आता एक स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हणून विकतात.

आपला पहिला प्रश्न लाभाचा आहे, म्हणून आमच्या पहिल्या लॅब्राडोरची गोष्ट सांगतो. लॅब्राडोरचे केस आखूड, त्यामुळे विंचरायचे ते काय, असा आमचाही समज होता. एका सप्टेंबरमध्ये ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ताप, आणि चौथ्या दिवशी सकाळी फरशीवर नाकातून पडलेले रक्ताचे थेंब. तपासणीत प्लेटलेट फारच खाली गेलेल्या निघाल्या. निदान एर्लिकिओसिसचे झाले, म्हणजे ज्याला आपण गोचीड-ताप म्हणतो. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेऊन पट्टा काढला तर पट्ट्याखाली तीन, कानाच्या घडीत चार आणि मागच्या पायाच्या बोटांमध्ये दोन गोचिडी निघाल्या. डॉक्सिसायक्लिनचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, आठवड्याला रक्ततपासणी आणि पहिले दहा दिवस रात्रीची जागरणे करून ती वाचली. आम्ही तिच्यावर रोज हात फिरवत होतो, पण तो पाठीवरून आणि डोक्यावरून. गोचीड पाठीवर क्वचितच बसते; तिला पातळ कातडी आणि आडोसा हवा असतो.

तेव्हापासून आमच्या घरी रोज रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे ठरलेली आहेत. आधी हाताने चाचपणे, मग ब्रश. चाचपण्याचा क्रम कधी बदलत नाही: कान, पट्ट्याखाली, बगला, बोटांच्या बेचक्या, जांघ, शेपटीचे मूळ. क्रम ठरलेला असला की जागा विसरत नाही आणि कुत्र्यालाही पुढे काय होणार हे ठाऊक असते, त्यामुळे ते निमूट पडून राहते. गोचीड सापडली तर चिमट्याने तिला अगदी कातडीलगत धरायचे, पिळा न देता सरळ आणि सावकाश ओढायचे आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. नखांनी चिरडणे टाळावे, कारण तिच्या पोटातले रक्त आपल्या बोटांना लागते. आणि रॉकेल तर मुळीच लावू नये, ते कातडी भाजते आणि कुत्र्याने चाटले तर पोटात जाते.

ब्रशचा दुसरा लाभ माझ्या पत्नीला विचारलात तर ती सोफ्याकडे बोट दाखवेल. केस गळायचे तितके गळतातच, ब्रशने ते थांबत नाहीत. फक्त ते आमटीत आणि गादीवर पडण्याऐवजी ब्रशमध्ये येतात.

बांधावरचा (तासगाव)

राग मानू नये, पण मला आपल्या सासऱ्यांची बाजू पटते. आमच्या मळ्यात दोन गावठी कुत्री आहेत. मोठे नऊ वर्षांचे आहे. त्याला आजवर साबण लागलेला नाही. पावसात भिजते, उन्हात वाळते, मातीत लोळते आणि अंग झटकले की स्वच्छ दिसते. नखे दगडधोंड्यांवर झिजतात. एकदाच त्याला त्रास झाला, तो त्याच आतल्या अंगठ्याच्या नखाचा. ते नख जमिनीला टेकत नसल्यामुळे झिजत नाही, वळून मांसात रुतले आणि पू झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन कापून आणले. तेवढे एक नख सोडले तर ग्रूमिंग ही शहरातल्या कुत्र्यांची गरज असावी, कुत्र्यांची नव्हे.

निवृत्त पशुवैद्य (सातारा)

मी तीस वर्षे पशुसंवर्धन खात्यात होतो आणि माझ्या रुग्णांमध्ये गाई-म्हशी अधिक, कुत्री कमी होती. तरीही या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण वरच्या तिन्ही लेखनांत तथ्य आहे.

बांधावरचे मित्र म्हणतात ते गावठी कुत्र्यापुरते बरोबर आहे. त्याचे केस आखूड, ठरावीक लांबीला थांबणारे आणि गळून जाणारे असतात. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल, माल्टीज या जातींचे केस माणसाच्या डोक्याच्या केसांसारखे वाढत राहतात आणि गळलेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या केसात अडकून राहतो. माणसाने निवड करकरून असा केस घडवला आहे, तेव्हा त्याची निगाही माणसाकडेच आली. मळ्यातल्या कुत्र्याला लावलेला न्याय लाडूला लावता येत नाही. मात्र जनावराच्या अंगाची निगा ही शहरी हौस आहे, हे मला मान्य नाही. घोड्याला खरारा केल्याशिवाय खोगीर चढवत नाहीत, कारण घामाने चिकटलेल्या केसांवर खोगीर घासले की पाठ सोलवटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून मळतात, त्या खांदेमळणीत जुवाने झालेली जखम किंवा आलेली सूज शेतकऱ्याच्या हाताला आपोआप लागते. तपासणी हा शब्द कोणी वापरत नाही, पण होते ती तपासणीच.

कुत्र्याच्या बाबतीत हाच लाभ मी सर्वांत वर ठेवीन. माझ्याकडे येणाऱ्या, नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रींमध्ये स्तनांतील गाठी वारंवार आढळत. ज्यांचे मालक त्यांना आठवड्याला उताणे करून पोटावरून हात फिरवत, ते भुईमुगाच्या दाण्याएवढी गाठ घेऊन येत. ज्यांचे मालक तसे करत नसत, ते लिंबाएवढी झाल्यावर येत. अशा गाठींपैकी बऱ्याच कर्करोगाच्या निघतात आणि शस्त्रक्रियेच्या यशात गाठीच्या आकाराला फार महत्त्व असते. याहून वेगळा पुरावा मला देता येणार नाही, पण मला तो पुरेसा वाटतो.

आता त्वचेविषयी. माणसाच्या त्वचेच्या वरच्या भागात पेशींचे साधारण 10 ते 15 थर असतात, कुत्र्याच्या त्वचेत ते 3 ते 5 असतात. माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच) आम्लधर्मी, 5.5 च्या जवळपास असतो, तर कुत्र्याचा उदासीन, म्हणजे 7 च्या आसपास असतो. त्यामुळे आपला साबण किंवा शाम्पू त्याला मानवत नाही. बाळांचा शाम्पूही अखेर माणसाच्याच त्वचेसाठी बनवलेला असतो. आठवड्याला दोनदा आंघोळ घातल्याने त्वचेवरचे तेल निघून जाते, ती कोरडी पडून खाजते, कुत्रे चाटते आणि चाटलेली जागा ओली राहते. निरोगी शिह त्झूला तीन ते चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरते. फिनेल किंवा डेटॉल पाण्यात टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे, ती कृपया बंद करावी. फिनॉल वर्गातली रसायने त्वचा भाजतात आणि चाटल्यावर विषारी ठरतात.

लाडूच्या बगलेतली जखम कशी झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. जटेखाली हवा खेळत नाही. आंघोळीचे पाणी तिथे दोन-दोन दिवस राहते. पाऊल टाकताना जट दर वेळी कातडी ओढते. ओल, ऊब आणि ओढ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्वचेवरचे नेहमीचेच जिवाणू माजतात आणि एका रात्रीत नाण्याएवढी जखम होऊ शकते. विंचरलेल्या केसांत हवा राहते, आणि तीच हवा थंडीत ऊब देते व उन्हात ताप अडवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड करण्याचे मुख्य काम धापा टाकून होते.

कानाचा आंबूस वास मात्र अंगावर काढू नये. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत काटकोनात वळते, त्यामुळे आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. लोंबत्या कानांत हवाही जात नाही, आणि मॅलासेझिया नावाचे यीस्ट तिथे जोमाने वाढते. आंबूस वास, तपकिरी मळ आणि सारखे डोके झटकणे ही त्याची लक्षणे आहेत. जोरजोरात झटकल्याने कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळी फुग्यासारखी सुजते, आणि मग साध्या औषधाऐवजी शस्त्रक्रिया करावी लागते. कानात काडी घालू नये, मळ आणखी आत ढकलला जातो. पडदा शाबूत आहे की नाही हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरात पडून असलेले थेंबही टाकू नयेत.

दातांचा उल्लेख कोणी केला नाही. प्रौढ कुत्र्याला 42 दात असतात, आणि शिह त्झूच्या आखूड जबड्यात ते दाटीवाटीने, तिरपे बसलेले असतात. अन्नाचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही. आपली टूथपेस्ट वापरू नये. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो, ज्याने कुत्र्याची रक्तशर्करा एकाएकी कोसळते. कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळते, नाही मिळाली तर ओल्या सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूने फिरवला तरी बरेच काम होते.

ठाण्यात राहता म्हणून एक पुस्ती जोडतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे ही सवय चांगली, पण ती लसीची जागा घेऊ शकत नाही. वार्षिक लस चुकवू नये.

कातरी (नाशिक)

मी गेली नऊ वर्षे ग्रूमिंगचाच व्यवसाय करते, त्यामुळे माझे मत एकतर्फी वाटल्यास वाटू द्यावे. मी उलटच सांगणार आहे: घरी नीट विंचरलेल्या कुत्र्याला माझ्याकडे दर महिन्याला यायची गरज नसते.

आपल्याकडे जे घडले त्याला एक वेळ कारणीभूत आहे, जी कोणी विकताना सांगत नाही. साधारण दहाव्या महिन्यापासून पिलाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येऊ लागतात. हे स्थित्यंतर काही महिने चालते आणि त्या काळात दोन्ही प्रकारचे केस एकमेकांत अडकून रोज जटा होतात. पिलू असताना आठवड्याला एकदा विंचरून भागत होते, म्हणून लोक गाफील राहतात. त्या महिन्यांत रोज विंचरले की पुढे दिवसाआड चालते.

दुसरी चूक बहुतेक सगळेच करतात. गुंता असताना आंघोळ घातली तर पाण्याने तो सैल होत नाही, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाकल्यासारखा आक्रसतो. आधी विंचरायचे, मग आंघोळ, मग पूर्ण वाळवणे आणि वाळवतानाच पुन्हा विंचरणे. वाळवायला जुना धुवट पंचा टॉवेलपेक्षा बरा, कारण तो दाबून पाणी शोषतो. टॉवेलने खसाखसा चोळले की तिथेच नव्या गाठी पडतात. ड्रायर वापरलात तर थंड किंवा कोमट हवेवर आणि हातभर लांबून.

विंचरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. लोक वरवर ब्रश फिरवतात, वरचे केस चमकतात आणि जट खाली तशीच राहते. कुत्र्याला कुशीवर निजवावे, डाव्या हाताने केस वर धरून कातडीची पांढरी रेघ दिसेल असा भांग पाडावा आणि त्या रेघेपासून केसांचा एक पातळ थर खाली घेत स्लिकर ब्रशने (बारीक तारांच्या ब्रशने) विंचरावा. मग त्याच्या वरचा थर. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत चालवून पाहावा. कंगवा न अडकता गेला तरच विंचरणे झाले असे समजावे. तुमच्या ग्रूमरने केले ते तेच.

लहान गाठ आढळली तर तिच्यावर थोडे कॉर्नफ्लोअर टाकून, मुळाशी केस चिमटीत घट्ट धरून, टोकाकडून सुरुवात करत कंगव्याच्या शेवटच्या दोन दातांनी सोडवावी. मुळाशी धरल्यामुळे कातडीला ओढ बसत नाही. कात्रीने जट कापायचा मोह होतो, पण जटेबरोबर कातडीही वर ओढलेली असते आणि ती केसांत दिसत नाही. माझ्याकडे वर्षातून तीन-चार कुत्री तरी अशी येतात ज्यांना मी हात न लावता आधी टाके घालायला पाठवते.

यजमानांच्या प्रश्नाबद्दल: शिह त्झूचे केस बोटभर आखूड ठेवायला काही हरकत नाही, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत मीही तेच सुचवते. मात्र मशिनने कातडीपर्यंत भादरणे हा उपाय नाही, ती शिक्षा आहे, कारण त्यानंतर ऊन लागते, खाज सुटते आणि काही कुत्री चक्क लपून बसतात. शिवाय वर्षातून तीनदा भादरून आणल्यावर मधल्या चार महिन्यांत केस पुन्हा वाढतात, जटा पुन्हा होतात आणि पुन्हा भादरावेच लागते. पाच-सहा आठवड्यांनी आखूड कापणे आणि मध्ये घरी विंचरणे हे पैशांच्या हिशेबातही फार महाग पडत नाही. हिरडा यांच्या स्पिट्झचे, तसेच लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि हस्की यांचे केस मात्र कधीही भादरू नयेत. यांना खाली मऊ लव आणि वर राठ केस असा दुहेरी थर असतो. भादरल्यावर लव आधी वाढते, राठ केस मागे राहतात किंवा काही ठिकाणी महिनोन्‌महिने येतच नाहीत, आणि स्पिट्झ-पॉमेरियनमध्ये तर हे मी अनेकदा पाहिले आहे. दर उन्हाळ्यात दया येऊन लोक त्यांना भादरायला घेऊन येतात आणि मला रोज दोघा-तिघांशी हुज्जत घालावी लागते.

आणखी दोन जागा लक्षात ठेवा. शिह त्झूचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, नाकावरचे केस बुबुळावर घासून तिथे जखम होते. ते गोल टोकाच्या कात्रीने आखूड ठेवावेत किंवा वर बांधावेत. आणि शेपटीखालचे केस. तिथे विष्ठा चिकटून तिचा गठ्ठा झाला की शौचाची वाटच बंद होते, कुत्रे कुंथत राहते आणि घरचे त्याला बद्धकोष्ठ समजून इसबगोल देत राहतात. हसू येईल, पण तसे एक कुत्रे माझ्याकडे आले होते.

पागोळी (ठाणे)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सासऱ्यांना मी सगळे वाचून दाखवले. खांदेमळणीचा उल्लेख त्यांना विशेष भावला. एक अडचण उरली आहे. लाडू ब्रश करू देतो, पण पंजाला हात लावला की गुरगुरतो, आणि काल नख कापायला गेले तेव्हा दात लावले. रक्त आले नाही, पण मी घाबरले. त्याची नखेही काळी आहेत, त्यामुळे आतली शीर कुठे संपते ते दिसत नाही. शिवाय अलीकडे तो कधीकधी बूड फरशीवर घासत चालतो. ग्रूमरकडे दर वेळी गुदद्वाराजवळच्या ग्रंथी पिळून घ्याव्या लागतात असे कोणीतरी सांगितले, ते खरे का?

कातरी (नाशिक)

ताई, आठ-दहा दिवस नखे कापूच नका. ते रुतत चाललेले अंगठ्याचे नख तेवढे डॉक्टरांकडून कापून घ्या. तोवर फक्त पंजा धरण्याचा सराव करा: खांद्यावरून हात घसरवत पंजापर्यंत न्यायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा. तो गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. मग कात्री नुसती शेजारी ठेवा, मग ती नखाला टेकवा, आणि त्यानंतर एका दिवशी एकच नख कापा. अठरा नखे एकाच बैठकीत झाली पाहिजेत असा काही नियम नाही.

काळ्या नखाला अंदाजाने मोठा घाव घालू नये, टोकाकडून तांदळाएवढे पातळ काप घेत जावे. कापलेला भाग आधी पांढरट, भुसभुशीत दिसतो. त्याच्या मध्यभागी काळसर, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबावे, शीर तिथून जवळ आहे. चुकून रक्त आलेच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन मिनिटभर दाबून धरावे. दर दहा दिवसांनी थोडे थोडे कापत गेले की शीरही मागे सरकते. घरातल्या फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येणे बंद झाले की लांबी योग्य झाली असे समजा. त्या आवाजाचा अर्थ असा की प्रत्येक पावलाला बोट वर ढकलले जात आहे. हाच ताण म्हातारपणी सांध्यांवर येतो. गाद्यांमधले केसही त्याच दिवशी कापावेत, गुळगुळीत टाइल्सवर कुत्री घसरतात ती त्या केसांमुळे.

निवृत्त पशुवैद्य (सातारा)

ग्रंथींबद्दल: त्या शौचाच्या वेळी आपोआप रिकाम्या होतात. ज्याला त्रास नाही त्याच्या ग्रंथी दर महिन्याला पिळल्याने उलट तिथे सूज येऊ शकते, म्हणून ग्रूमरने मागणी नसताना ते करू नये. लाडू बूड घासतो आहे, तेव्हा कान दाखवायला न्याल तेव्हा त्याही तपासून घ्या. लहान जातींमध्ये त्या तुंबण्याचे प्रमाण जास्त असते, पण जंत किंवा पिसवा यांनीही कुत्रे बूड घासते. शेपटीजवळच्या केसांत किंवा निजण्याच्या जागी तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे पांढरे कण दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात. हा जंत कुत्र्याने पिसू गिळल्यामुळे होतो, त्यामुळे जंताच्या गोळीबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. ओला पांढरा कागद अंथरून त्यावर लाडूचे केस बारीक कंगव्याने विंचरा. पडलेले काळे कण ओल्या कागदावर तांबूस विरघळले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. नाही विरघळले तर साधी धूळ.

बांधावरचा (तासगाव)

डॉक्टरसाहेबांचे खराऱ्याचे म्हणणे मान्य. काल संध्याकाळी दोन्ही कुत्र्यांना बसवून हाताने चाचपले. धाकट्याच्या कानाच्या घडीत सहा गोचिडी निघाल्या, मोठ्याला एकही नाही. दोन्ही एकाच गोठ्यात निजतात, तरी असे का?

निवृत्त पशुवैद्य (सातारा)

धाकटे भिंतीलगत निजत असेल, ते पाहा. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. पिल्ले बाहेर येऊन जवळच्या जनावरावर चढतात. नुसते कुत्रे साफ करून भागणार नाही, गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्या लागतील. अंगावर टाकायचे औषध दवाखान्यातून वजनाप्रमाणे घ्या, गुरांसाठी आणलेले त्याच्यावर वापरू नका. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्याचे औषध मांजराच्या जिवावर बेतते.

पागोळी (ठाणे)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बगलेतली जखम भरली, त्यावर आता बारीक लव दिसते. कागदाची चाचणी केली, पिसवा निघाल्या नाहीत. ग्रंथी तुंबलेल्या होत्या, त्या डॉक्टरांनी मोकळ्या केल्या. पुढच्या दोन्ही पायांची नखे मी घरी कापली, रोज एक या हिशेबाने. सहाव्या दिवशी एका नखातून रक्त आले, तुरटीने थांबले, पण त्यानंतर चार दिवस त्याने पंजा दिला नाही आणि सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. उजव्या कानात डॉक्टरांना यीस्टच सापडले. दोन आठवड्यांचे थेंब दिले होते, मात्र आठव्या दिवशीच वास पूर्ण गेल्यामुळे आम्ही ते थांबवले. कालपासून तो पुन्हा मान तिरकी करून कान खाजवतो आहे. तेच थेंब परत सुरू करू का?

निवृत्त पशुवैद्य (सातारा)

सुरू करू नका, आधी दाखवा. वास जातो तेव्हा वरचा मळ कमी झालेला असतो. नळीच्या वळणापलीकडे यीस्ट शिल्लक असू शकते. कानातला नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहायला सांगा, या वेळी यीस्टबरोबर जिवाणूही आहेत का ते कळेल आणि औषध त्यावरून ठरेल. भेटीच्या आदल्या दिवशी कान साफ करू नका, नाहीतर तपासायला नमुनाच उरणार नाही.